दोराचा गोल रग वाटीसारखा का होतो, आणि सपाट कसा शिवायचा

आधी प्रश्न थोडक्यात. जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडून तुम्ही त्या ६ मिलिमीटरच्या दोराला गुंडाळल्या आणि झिगझॅगची, म्हणजे नागमोडी, टीप मारत गोल रग करायला घेतला. ताटाएवढा होईपर्यंत तो सपाट होता. मग कड वर यायला लागली. आता व्यास ६० सेंटिमीटर झालाय आणि कड चारेक सेंटिमीटर उचलली गेली आहे. मशिनच्या दोऱ्याचं टेन्शन सैल करून झालं, घट्ट करून झालं, फरक पडत नाही. तर चूक कुठे आहे, हा रग वाचेल का, आणि पुढचा ९० सेंटिमीटरचा करायचा तर दोर आणि कापड किती लागेल?

टेन्शनचा यात फारसा दोष नाही. शिवताना दोर ताणला जातोय. अगदी थोडा ताणला जातोय, म्हणून तुमच्या हाताला ते कळत नाही, पण गोल कामात तेवढं पुरतं. हे एकदा हिशेबाने समजून घ्या, मग बाकीची निम्मी डोकेदुखी जाते.

कापड गुंडाळल्यावर तुमचा दोर साधारण ८ मिमी जाड होतो. दर वेढ्याला रगची त्रिज्या ८ मिमीने वाढते, म्हणजे परीघ सुमारे ५ सेंटिमीटरने वाढायला हवा. पाचव्या वेढ्यालाही ५ सेंटिमीटर आणि पस्तिसाव्यालाही ५ सेंटिमीटरच. पण पाचवा वेढा सगळा मिळून २५ सेंटिमीटरचा असतो, त्यात ५ सेंटिमीटर हा पाचवा हिस्सा झाला. तिथे हात थोडा इकडेतिकडे झाला तरी खपतं. पस्तिसावा वेढा पावणेदोन मीटरच्या पुढे जातो. त्यात ५ सेंटिमीटर म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. सुती विणीचा दोर हाताने जरा ओढला की एवढा सहज लांबतो, आणि टीप बसल्यावर सैल पडून परत आखडतो. म्हणजे वाढलेला सगळा परीघ तुम्ही नकळत खाऊन टाकलात, आणि त्या जागी रग पसरायच्या ऐवजी भिंतीसारखा उभा राहायला लागतो.

दुसऱ्या बाजूने पाहा. समजा सगळेच वेढे हवे त्यापेक्षा फक्त शेकडा एक आखूड झाले. त्रिज्या १० सेंटिमीटर असताना कड भूमितीप्रमाणे जेमतेम दीड सेंटिमीटर उचलली जाते. ती दोराच्या मऊपणात आणि इस्त्रीखाली दबून जाते, तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललंय. त्रिज्या ३० सेंटिमीटर झाली की तोच एक टक्का कड ४ सेंटिमीटर उचलतो. तुमच्या रगचं माप नेमकं हेच सांगतंय. तो बहुधा अचानक बिघडलेला नाही, पहिल्यापासून थोडा थोडा आखूड होत आलाय आणि आता दिसायला लागलाय.

ताण येतो कुठून? सगळ्यात आधी हातातून. उजव्या हाताने दोर धरून आपण तो मशिनच्या पायाखाली, म्हणजे कापड दाबणाऱ्या पट्टीखाली, सरकवतो, आणि दोन वेढे एकमेकांना चिकटून बसावेत म्हणून तो नकळत मागे खेचून धरतो. ब्लाउजची पाइपिंग किंवा उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावायची सवय असलेल्यांना हे हमखास होतं, कारण तिथे पट्टी जरा ताणूनच लावायची असते. इथे उलटं. दोराला फक्त दिशा द्यायची, धरायचं नाही. दोन्ही वेढे जवळ आणायचे ते बाजूने, डाव्या हाताच्या बोटांनी रग उजवीकडे सरकवून.

दुसरं कारण टेबलाखाली असतं. गुंडाळलेला दोर टोपलीत, टोपली जमिनीवर, आणि दोर टेबलाच्या कडेवरून घासत वर येतो. त्या दोन-तीन फूट लोंबत्या दोराचं वजन आणि कडेचं घर्षण सतत ब्रेक लावत राहतं. टोपली मांडीवर घ्या किंवा टेबलावरच, मशिनच्या समोर ठेवा. सुईच्या पुढे हातभर दोर नेहमी ढिला पडलेला दिसला पाहिजे.

तिसरं कारण रगचं स्वतःचं वजन. टेबलावर ठेवायच्या मशिनची शिवायची जागा टेबलापासून काही सेंटिमीटर उंच असते. रग मोठा झाला की डावीकडे तो त्या पायरीवरून खाली लोंबतो आणि सुईपाशी कड ओढली जाते. डाव्या बाजूला जेवायचे पाट एकावर एक ठेवा, जाड पुस्तकं ठेवा, थर्माकोलचा तुकडा ठेवा, काहीही चालेल, पण उंची मशिनच्या पृष्ठभागाएवढीच हवी. ज्यांच्याकडे जुनं पायमशीन टेबलात बसवलेलं आहे त्यांना हा त्रास नाही. असाच दोर शिवून टोपली करणारे काम मुद्दाम डावीकडून उचलून मशिनच्या अंगाला टेकवून शिवतात, म्हणजे भिंत आपोआप चढते. तुमची कड शिवतानाच्या वरच्या बाजूला उचलली गेली असेल तर कुठेतरी हेच घडतंय. खालच्या बाजूला झुकली असेल तर वजन लोंबतंय असं समजा.

यावरचा खात्रीचा उपाय शिंप्यांना नवा नाही. बाही बसवताना आपण जशा मुंढ्यावर आणि बाहीवर खुणा करून त्या जुळवतो, तसंच इथे करायचं. दोन वितींचा व्यास झाला की हे सुरू करा. रग टेबलावर सपाट ठेवा, पुढच्या वेढ्याचा दोर त्याच्या कडेने न ताणता, पण मध्ये फट न ठेवता, एक पूर्ण फेरा मांडा. मग चार जागी, रगवर आणि दोरावर समोरासमोर, खडूने खूण करा. आता शिवायला घ्या. रगची खूण सुईपाशी आली आणि दोराची खूण मागे, म्हणजे तुमच्या बाजूला, राहिली असेल, तर दोर ताणला जातोय. दोराची खूण आधीच सुई ओलांडून गेली असेल तर दोर जास्तीचा भरला जातोय. पाव फेऱ्यात चूक कळली तर तिथेच सावरता येते. प्रत्येक वेढ्याला हे करायची गरज नाही. हात बसेपर्यंत करा, पुढे तीन-चार वेढ्यांनी एकदा तपासणीपुरतं करा.

तपासणीही फरशीवर करायची, पलंगावर नाही. गादीवर सगळेच रग सपाट दिसतात.

आता दोराकडे येते, कारण वाटी होण्याचं आणखी एक कारण दोरातच दडलेलं असतं आणि ते रग धुतल्यावर बाहेर येतं. न धुतलेला सुती दोर पहिल्या पाण्यात लांबीला आखडतो आणि फुगून जाड होतो. म्हणजे परीघ कमी झाला आणि वेढ्यांमधलं अंतर मात्र तसंच राहिलं किंवा वाढलं. वरचाच हिशेब लावा. सुरेख सपाट शिवलेला रग पहिल्या धुण्यानंतर वाटी होऊन वाळतो, आणि दोष साबणाला दिला जातो. म्हणून दोर आधी भिजवायचा. त्याची मोठी लड करा, तीन-चार जागी सैल बांधा, गरम पाण्यात रात्रभर ठेवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे आतला गाभासुद्धा. वरून कोरडा लागणारा दोर आत दमट असतो. जुन्या साड्या शेकडो वेळा धुतलेल्या असतात, त्यांची चिंता नाही. नवं कटपीस आणलं असेल तर तेही भिजवा.

परदेशी व्हिडिओंत जो पांढरा दोर दिसतो, ती तिकडची कपडे वाळत घालायची सुती दोरी. आपल्याकडे वाळवणीच्या दोरीत केव्हाच नायलॉन आलं, त्यामुळे दुकानात 'कपड्यांची दोरी' मागितली तर भलतीच वस्तू हातात पडते. नायलॉनचा दोर या कामाला नको. तो गुळगुळीत असतो, कापडाच्या आत फिरतो, आणि सुई त्यावरून घसरते. मागायचा तो सुती, विणीचा दोर, ६ मिमी. बऱ्याच ठिकाणी तो किलोवर मिळतो, म्हणून दुकानातच एक मीटर तोडून वजन करून घ्या, म्हणजे किती किलो लागेल ते कळेल.

पिळाचा सुती दोर स्वस्त असतो आणि चालतो, पण त्याच्या खोड्या जास्त. तो लडीतून कडेने उपसला की दर फेऱ्याला एक पीळ चढतो किंवा उतरतो, आणि शिवताना मधेच गाठ मारल्यासारखा उलटतो. लड फिरवत दोर सोडवा. पट्टीही पिळाच्या दिशेनेच गुंडाळा. उलट गुंडाळली तर पीळ सुटत जातो आणि दोर लांबीला वाढतो. काथ्या आणि ताग यांना कापड गुंडाळायची गरजच काय, असं माझं मत आहे. त्यांचं सौंदर्य उघड्यावर आहे, आणि मशिनच्या बॉबिन केसमध्ये (खालच्या दोऱ्याच्या डबीत) त्यांचे बारीक तंतू जमा होतात ते वेगळंच.

कापडात सुती नऊवारीला तोड नाही. वापरून मऊ झालेली असते, पट्टी सरळ फाटते, आणि रंग जो जायचा तो जाऊन उरलेला पक्का असतो. काठ मात्र आधी कापून बाजूला काढा. जरीचा काठ तळपायाला बोचतो आणि सुईही बोथट करतो. ज्या साडीला हाताने ओढून चर्र आवाज येऊन फाट जाते आहे पण बोटाच्या दाबाने भोक पडत नाही, ती घ्या. जी नुसती चिमटीत धरून फाटते ती जीर्ण झाली, ती रगमध्ये सहा महिनेही टिकणार नाही. ती गोधडीच्या आतल्या थराला ठेवा. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर नको. गुंडाळताना घसरतात आणि पॉलिश केलेल्या फरशीवर रगच घसरतो.

पट्टी फाडायची, कापायची नाही. फाडली की ती धाग्यात सरळ जाते आणि कडेचे दोन-चार सुटे धागे काढून टाकले की पुढे फारसं सुटत नाही. उरेब पट्टी लागत नाही. ती ताणली जाते, आणि या कामात आणखी एक ताणणारी वस्तू कशाला? ६ मिमी दोराला दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदी बरोबर होते. साडीचं कापड तलम असेल तर दुप्पट रुंद फाडून मधोमध दुमडा. दोर तिरपा गुंडाळत जा, दर वळशाला आधीच्या वळशाचा तिसरा भाग झाकला जाईल असं. दोन पट्ट्यांचा जोड मशिनवर तिरकी टीप मारून करा, म्हणजे एका जागी फुगवटा येत नाही. काही जण डिंकाची कांडी लावून जोड चिकटवतात. चालतं. ग्लू गन मात्र नको. वाळलेल्या गोंदाच्या गोळीवर सुई तुटते आणि तो कडक ठिपका पायाला कायम लागतो.

गुंडाळताना दोर दोन खुर्च्यांच्या मध्ये ताणून बांधतात ते मला पटत नाही. ताणलेल्या दोरावर घट्ट पट्टी बसली की तो ताण आत कोंडला जातो आणि शिवून झाल्यावर हळूहळू सुटतो. दोर मांडीवर सैल असू द्या, पट्टी बेताने खेचा. दोन-तीन मीटर झालं की लाकडी चिमटा लावून ठेवा. मी सगळा दोर आधी गुंडाळून एक रात्र टोपलीत पडू देते आणि मगच शिवायला घेते.

इथे एक बारकावा आहे. गुंडाळीची प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीवर चढते, त्यामुळे तिची उघडी कड गुंडाळायला सुरुवात केलेल्या टोकाकडे तोंड करून असते. तुम्ही त्याच टोकापासून शिवायला लागलात तर मशिनचा पाय प्रत्येक कडेला समोरून भिडतो, ती उचलतो, कधी दुमडतो. गुंडाळी जिथे संपली त्या टोकापासून शिवायला घ्या. मग पाय पायरी उतरल्यासारखा कडेवरून सरकतो आणि पट्टी हलत नाही. आधी सगळा दोर गुंडाळून ठेवायचा तो यासाठीही. शिवत शिवत गुंडाळणाऱ्यांना ही सोय मिळत नाही.

आता मापं. आधी गुंडाळलेल्या दोराची खरी जाडी काढा. दहा तुकडे शेजारी शेजारी दाबून ठेवा, फूटपट्टीने मोजा, दहाने भागा. मग रगचं क्षेत्रफळ भागिले ही जाडी, एवढी दोराची लांबी. ८ मिमी जाडीला ६० सेंटिमीटर व्यासाच्या रगला सुमारे ३५ मीटर लागतो, ९० सेंटिमीटरला ८० मीटर, आणि १२० सेंटिमीटरला १४० मीटरच्या पुढे. व्यास दुप्पट झाला की दोर चौपट, हे लक्षात न घेता लोक दीडपट दोर आणतात आणि शेवटी वेगळ्याच जाडीचा दोर जोडतात. शेकडा पाच जास्तीचा धरा. कापड म्हणाल तर एक मीटर दोराला वरच्या पद्धतीने साधारण ०.०३ चौरस मीटर लागतं. ९० सेंटिमीटरच्या रगला सव्वादोन ते अडीच चौरस मीटर झालं, पट्टी दुहेरी घेतली तर पाचच्या आत. काठ काढलेली एक साधी सहावारी त्याला पुरते. दोऱ्याची मात्र कंजुषी नको. इतक्या मोठ्या रगची टीपच ८० मीटर लांब असते आणि झिगझॅगमध्ये दोरा त्याच्या कितीतरी पट जातो, वर-खाली मिळून पाचशे-सहाशे मीटर. पाच-सहा बॉबिन आधीच भरून ठेवा. पॉलिस्टरचा दोरा घ्या. मासे पकडायच्या गळासारखा पारदर्शक नायलॉन दोरा मजबूत असतो खरा, पण तो सुती कापडाला कापत जातो.

मशिनवर सोळा नंबरची सुई, शक्य तर जीन्सची. ठकठक आवाज आला की बदला, वाट पाहू नका. झिगझॅगची रुंदी ५ मिमी ठेवा, टाक्याची लांबी दोन-अडीच. पायावरचा मधला खाचा दोन वेढ्यांच्या मधल्या खोबणीवर चालला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मिलिमीटर पकड मिळते. खोबणी एकीकडे सरकली की एकच दोर पकडला जातो आणि रग उचलून उजेडात धरला की फट दिसते. पायाचा दाब कमी करायची सोय असेल तर कमी करा.

रग सुईच्या डावीकडे हवा, कारण उजवीकडे मशिनच्या हाताखाली जागा नसते. त्यासाठी मधून बाहेर जाणारी गुंडाळी वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारी हवी. उलटी झाली असेल तर काही उसवायची गरज नाही, रग पालथा करा, दिशा बदलते.

घरी फक्त साधी सरळ टीप मारणारं काळं मशीन असेल तर त्यावर हा रग होत नाही. दोन दोरांच्या मधल्या खोबणीत सरळ टीप काहीच पकडत नाही. पण तुमच्या गल्लीत साडीला पिको-फॉल करणारं कुणीतरी असेलच. पिकोचं मशीन झिगझॅगचंच असतं. दुपारच्या निवांत वेळी तासाच्या हिशेबाने ते मिळतं का विचारा. नाहीतर हाताने शिवा. हातशिलाईला मी कमी लेखत नाही. गोधडीचा जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्या. मोठ्या नाकाची सुई आधीच्या वेढ्याच्या कुशीतून घाला, समोरच्या नव्या वेढ्याच्या कुशीतून काढा, असे आतून लपणारे टाके सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतराने घ्या. रग टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवूनच शिवा. मांडीवर घेऊन शिवला की तो मांडीचा आकार घेतो.

सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांबद्दल सगळे फार लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगते. दोराचं टोक पट्टीने झाकून घ्या, शिवायला घ्यायच्या टोकाकडच्या मीटरभर दोराची गुंडाळी जरा विरळ आणि एकेरी ठेवा म्हणजे दोर वळतो, घट्ट बिल्ला करून त्यातून आडव्या लांब टाचण्या घाला आणि मशिनवर आरपार फुलीची टीप मारा. मग पुढे झिगझॅग. लंबगोल हवा असेल तर मध्ये सरळ दोर किती ठेवायचा, तर लांबीतून रुंदी वजा करा. ६० बाय ९० च्या रगला ३० सेंटिमीटर. लंबगोलात दर वेढ्याची ५ सेंटिमीटर वाढ दोन टोकांच्या वळणांतच वाटली जाते, सरळ बाजूंना काहीच जास्तीचं द्यायचं नसतं. नवखे सगळीकडे सारखा ढिला दोर देतात, मग लांब बाजू लाटेसारख्या होतात आणि टोकं वाटी.

वाटीचं उलट म्हणजे झालर. कड नागमोडी होऊन फरशीवर लाटा उठतात. दोर जास्त भरला गेला की हे होतं. वाटीला घाबरून जे मुद्दाम दोर आत ढकलतात, त्यांच्याकडे हे हमखास. झिगझॅगचं टेन्शन फार घट्ट असेल तरही होतं, इथे मात्र टेन्शनचा खरा संबंध आहे. टाका दोन वेढ्यांना एकमेकांत दाबतो, ८ मिमीचं अंतर साडेसात होतं, म्हणजे त्रिज्या हवी तेवढी वाढत नाही आणि परीघ जास्तीचा ठरतो. एका वेढ्याला न दिसणारा हा फरक वीस वेढ्यांत एक सेंटिमीटर होतो. थोडी झालर ओल्या इस्त्रीने बसते. वाटीपेक्षा तिचा निकाल लवकर लागतो, कारण जास्तीचा दोर दाबून आत जिरवता येतो, आखूड दोर कुठून आणणार?

आता तुमच्या हातातल्या रगबद्दल. चार सेंटिमीटर उठाव आहे, पण मी लगेच उसवायला सांगणार नाही. आधी एक प्रयोग करा. तुम्ही दोर आधी भिजवला नसेल तर तोही यात कळेल. रग पूर्ण भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. मग फरशीवर जुन्या चादरीवर उपडा, म्हणजे वाटी पालथी, ठेवा आणि मध्यापासून बाहेर हाताने दाबत चला. कडेला चार बाजूंनी धरून बाहेर खेचा, कारण ओला दोर थोडा लांबतो. वर पाट आणि त्यावर वजन ठेवून पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. पंखा लावा. वाळल्यावर उठाव दीड-दोन सेंटिमीटरवर आला तर वापरात, पाय पडून पडून उरलेला बसेल. त्यापुढचे वेढे मात्र खडूच्या खुणांनी, न ताणता शिवा.

फरक पडला नाही तर उसवावंच लागेल, पण सगळं नाही. एक सरळ फूटपट्टी रगच्या मध्यावर टेकवून कडेकडे धरा. जिथून पट्टी आणि रग यांच्यात उजेड दिसायला लागतो तिथे खडूने वर्तुळ काढा, आणि बाहेरून उसवत त्या वर्तुळाच्या एक-दोन वेढे आतपर्यंत या. झिगझॅग उसवायला सोपा असतो. खालच्या बाजूने दर चार-पाच टाक्यांनी दोरा कापला की वरचा दोरा एका ओढीत निघतो. जे अजिबात करायचं नाही ते असं: आतली वाटी तशीच ठेवून पुढचे वेढे मुद्दाम सैल शिवून भरपाई करणं. त्याने वाटी जात नाही, तिला बाहेरून पंख फुटतात आणि रगची टोपी होते.

शेवटचं टोक बोथट कापून संपवू नका. शेवटच्या सहा-सात सेंटिमीटरमध्ये दोराचे पेड एकेक करून वेगवेगळ्या लांबीवर कापा, उरलेला बारीक होत जाणारा भाग पट्टीत गुंडाळा आणि कडेला मिळवून द्या. एकदा झिगझॅग, आणि वरून हाताचे चार टाके. याच टोकाला कुत्र्याचे दात, झाडूचे दात आणि लहान मुलांची बोटं सगळ्यात आधी लागतात.

फरशीवर खाली रबराची जाळी टाकल्याशिवाय असा रग घरात ठेवू नका, विशेषतः वयस्क माणसं असतील तर. धुवायचा तो बादलीत किंवा मोरीत, मऊ ब्रशने. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये मोठा रग टाकू नका. ओला झाला की त्याचं वजन फार वाढतं, आणि ड्रममध्ये एका बाजूला गोळा होऊन तो मशीन आणि स्वतःची टीप दोन्ही बिघडवतो. दोरीवर टांगूनही वाळवू नका, गोलाचा अंडाकार होतो. खाटेवर किंवा जाळीवर आडवा, दोन्ही बाजूंनी ऊन दाखवत. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर त्याला पाणीच लावू नका, झटकून, खोक्यावर उपडा टाकून पंख्याखाली ठेवा. कापड वरून वाळतं, आतल्या दोराला बुरशी धरते, आणि तो वास एकदा बसला की दोर उलगडून वेगळा भिजवल्याशिवाय जात नाही.